‘निजाम’ : एका पदवीची कुळकथा

हैदराबादच्या गादीवर १७२४ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे सुमारे सव्वादोनशे वर्षे, ज्या घराण्याची सत्ता होती, त्या घराण्यातील एकाही पुरुषाने राजा, सुलतान, शहा अथवा बादशहा यांपैकी कोणतीही पदवी धारण केली नाही. राज्याचा विस्तार अखेरच्या काळात ८२ हजार चौरस मैलांहून अधिक होता. स्वतःचे नाणे होते, स्वतःचे टपाल होते, स्वतःची आगगाडी होती, आणि गादीच्या धन्याला एकवीस तोफांची सलामी होती. एवढे असूनही त्या धन्याची ओळख ‘निजाम’ या एकाच शब्दाने होत असे, आणि हा शब्द मुळात राजाचा नसून राजाच्या चाकराचा आहे. चाकराची ही पदवी राजाच्या मस्तकावर कशी जाऊन बसली आणि तेथे तिने काय काय घडविले, याचा इतिहास उद्बोधक आहे. मराठवाड्याच्या आणि वऱ्हाडच्या माणसाला तर तो घरचाच इतिहास होय.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. अरबी भाषेतील ज्या धातूपासून ‘निजाम’ हा शब्द निघाला, त्याचा मूळ अर्थ ओवणे, एका दोऱ्यात क्रमाने लावणे असा आहे. मोती ओवले म्हणजे माळ होते. शब्द ओवले म्हणजे कविता होते, म्हणून उर्दूत कवितेस ‘नझ्म’ म्हणतात. कारभार पाहणारा तो ‘नाझिम’, आणि आपल्या नित्याच्या बोलण्यातील ‘इंतजाम’ हाही त्याच कुळातला. ‘मुल्क’ म्हणजे राज्य. मराठीने त्याचा ‘मुलूख’ करून तो इतका आपलासा केला आहे की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तेव्हा ‘निजाम-उल्-मुल्क’ म्हणजे मुलखाची व्यवस्था, मुलखाची घडी. आणि पदवी म्हणून ज्याच्यामुळे मुलखाची घडी बसते तो पुरुष. धनी कोणी दुसरा आहे, आणि हा त्याच्या राज्याची व्यवस्था लावणारा आहे, हे त्या पदवीत गृहीतच धरलेले आहे.

ही पदवी धारण करणाऱ्यांत इतिहासाला सर्वांत परिचित असलेला पहिला पुरुष इराणातील तूस प्रांतीचा होता. त्याचे नाव अबू अली हसन. अकराव्या शतकात सेल्जुक सुलतान अल्प अर्सलान व मलिकशहा यांचा तो वजीर होता. राज्यकारभारावरील ‘सियासतनामा’ हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. १०९२ साली मारेकऱ्याच्या हातून त्याचा अंत झाला. परंतु त्याची कीर्ती अशी झाली की पुढे मुसलमानी दरबारांतून कर्तबगार मंत्र्याला ‘निजाम-उल्-मुल्क’ ही पदवी देणे हा एक मानाचा संकेत होऊन बसला.

त्या संकेताने ही पदवी दक्षिणेत हैदराबादच्या कितीतरी आधी आली होती. बहमनी दरबारात मलिक हसन हा सरदार निजाम-उल्-मुल्क होता. त्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण होते असे फिरिश्ता लिहितो. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० साली बहमनींचे जोखड झुगारून अहमदनगरचे राज्य स्थापिले. राज्य स्वतंत्र झाले, पण बापाच्या चाकरीची पदवी टाकून न देता त्याच्या घराण्याने तिच्यापुढे ‘शहा’ हा शब्द जोडला. ‘निजामशहा’ हे नाव असे सिद्ध झाले, आणि १६३६ पर्यंत निजामशाही महाराष्ट्रात नांदली. निजामशाही आणि हैदराबादचा निजाम यांचा रक्ताचा संबंध काही नाही; संबंध आहे तो केवळ एका वजिराच्या पदवीचा.

याच सुमारास पोर्तुगीज लोक पश्चिम किनाऱ्यावर येऊन पोहोचले. चौल, वसई, गोवे येथे त्यांचा दक्षिणेतील शाह्यांशी नित्य संबंध येऊ लागला. दक्षिणेतील राजांची नावे त्यांच्या जिभेवर चमत्कारिक रूपे घेऊन बसली. विजापूरचा आदिलखान हा ‘इदालकांव’ झाला. पणजीतील आदिलशहाच्या वाड्याला हेच नाव चिकटून राहिले. गोवळकोंड्याचा कुत्ब-उल्-मुल्क हा ‘कोतामालुको’ झाला, आणि अहमदनगरचा निजाम-उल्-मुल्क ‘निझामालुको’. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट उच्चाराच्या मोडतोडीहून निराळी आहे. हे राजे स्वतःस ‘शहा’ म्हणवून घेऊ लागले तरी पोर्तुगीजांच्या लेखनात त्यांच्या बहमनी चाकरीच्या काळातील ‘खान’ आणि ‘मुल्क’ ह्या जुन्या पदव्याच टिकून राहिल्या. पाहुण्यांच्या भाषेने घरधन्याची जुनी नोकरी जपून ठेविली!

१५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला हॉलंडचा लिन्सखोटेन याने तर या पदवीची व्युत्पत्तीही देऊन टाकली. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की ‘निझा’ म्हणजे भाला आणि ‘मालुको’ म्हणजे राज्य, म्हणून ‘निझामालुको’ म्हणजे राज्याचा भाला. फारसीत ‘नेझा’ म्हणजे भाला हे खरे. परंतु ‘निजाम’ आणि ‘नेझा’ यांचा काही संबंध नाही. राज्य भाल्याच्या जोरावर चालते अशी समजूत असलेल्या दर्यावर्दी काळाला ती व्युत्पत्ती पटली असेल. मूळ शब्दात भाला नाही, दोरा आहे.

आता हैदराबादकडे वळू. मीर कमरुद्दीन याचा जन्म १६७१ चा. त्याचा आजा आबिदखान औरंगजेबाच्या फौजेत होता आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात झालेल्या जखमेने तो मरण पावला. कमरुद्दीनाला औरंगजेबाने ‘चिन किलिचखान’ ही पदवी दिली. ‘किलिच’ हा तुर्की शब्द असून त्याचा अर्थ तलवार. पुढे १७१३ साली फर्रुखसियर बादशहाने त्याला दक्षिणेची सुभेदारी आणि ‘निजाम-उल्-मुल्क’ ही पदवी दिली. काही काळ तो दिल्लीत महंमदशहा बादशहाचा वजीरही होता. पण तेथील कारस्थानांना विटून तो दक्षिणेत निघून आला. तेव्हा बादशहाने मुबारिजखानाला त्याच्याविरुद्ध चिथावले. ऑक्टोबर १७२४ मध्ये वऱ्हाडात, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे, लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला, आणि हैदराबादच्या स्वतंत्र सत्तेचा आरंभ येथून मोजतात.

जिंकणाऱ्याने येथे सहज मुकुट घातला असता. त्याने तसे केले नाही. मुबारिजखानाचे बंड मोडले असे त्याने दिल्लीस कळविले, आणि हरलेल्या बादशहानेही शहाणपण दाखवून १७२५ मध्ये त्याला ‘आसफजाह’ ही आणखी एक पदवी बहाल केली. ही दुसरी पदवीदेखील मंत्र्याचीच. मुसलमानी परंपरेत आसफ बिन बरखिया हा सुलेमान बादशहाचा, म्हणजे बायबलातील शलमोन राजाचा, वजीर मानला जातो. ‘आसफजाह’ म्हणजे आसफाच्या योग्यतेचा. बायबलात बेरेख्याचा पुत्र आसाफ आहे. पण तो वजीर नसून दाविदाच्या काळचा गायक आहे, आणि कित्येक स्तोत्रे त्याच्या नावावर आहेत. एका परंपरेतील गायक दुसऱ्या परंपरेत वजीर झाला आणि अखेर हैदराबादच्या राजघराण्याचे नाव बनला. सात पिढ्यांच्या राज्यकर्त्यांना आपण पहिला आसफजाह, दुसरा आसफजाह असे मोजतो, तेव्हा नकळत पहिला मंत्री, दुसरा मंत्री असेच मोजत असतो.

युरोपातील राजपदव्यांशी याची तुलना केली म्हणजे ह्या गोष्टीचे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. लॅटिनमधील ‘रेक्स’ आणि आपला ‘राजन्’ हे एकाच प्राचीन कुळातले शब्द आहेत. त्यातूनच फ्रेंच ‘र्‍वा’ आणि पोर्तुगीज ‘रेइ’ हे शब्द आले. इंग्रजी ‘किंग’ आणि जर्मन ‘क्योनिग’ यांचे नाते कुळ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. ‘एम्परर’ हा मुळात रोमन सेनेचा विजयी सेनापती, आणि ‘ड्यूक’ म्हणजे पुढारी. ज्यूलियस सीझर याचे तर नुसते नाव होते. त्या नावाचीच पुढे पदवी झाली, आणि जर्मनीत ‘कैसर’ व रशियात ‘झार’ ही तिची रूपे शतकानुशतके राज्य करीत राहिली. पोलंड व बोहेमियाच्या भाषांत राजा या अर्थाचा शब्द शार्लमेन, म्हणजे थोरला कार्ल, याच्या नावापासून आला. तिकडे माणसाच्या नावाची पदवी झाली, इकडे पदवीचे घराण्याचे नाव झाले.

चाकराने राज्य हाती घेतल्याची उदाहरणेही युरोपात आहेत. फ्रँक लोकांचे राजे नामधारी होऊन सर्व सत्ता राजवाड्याच्या कारभाऱ्याकडे गेली होती. तेव्हा पेपिन या कारभाऱ्याने पोप झकारिया यांना विचारणा केली की, ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला राजा म्हणावे, की ज्याच्याकडे केवळ नाव आहे त्याला? सत्ता असेल त्याच्याकडेच नाव असावे, असा कौल मिळाला. ७५१ साली पेपिन राजा झाला, आणि जुन्या राजाची रवानगी मठात झाली. स्कॉटलंडच्या दरबारातील ‘स्टुअर्ड’, म्हणजे वाड्याचा कारभारी, याचे घराणे १३७१ मध्ये सिंहासनावर आले. त्याचे ‘स्टुअर्ट’ हे आडनाव जुन्या हुद्द्याची आठवण देत राहिले. परंतु त्या घराण्याच्या पुरुषांनी ‘राजा’ ही पदवी मात्र घेतली.

निजामाने पेपिनाचा प्रश्न कधी विचारलाच नाही. आणि यात तो एकटा नव्हता. अठराव्या शतकातील हिंदुस्थानची ही रीतच होती. पुण्यास सर्व सत्ता पेशव्याच्या हाती होती, पण पेशवा हा छत्रपतींचा प्रधान. साताऱ्याहून वस्त्रे आल्यावाचून त्याची गादी पुरी होत नसे. बडोद्याचे गायकवाड ‘सेनाखासखेल’ होते, नागपूरचे भोसले ‘सेनासाहेबसुभा’. तलवार आपली, पण नाव धन्याचे, अशी ही व्यवस्था. नावाला हात लावला तर सगळेच बरोबरीचे ठरतील आणि आपल्या हुकमाला आधार उरणार नाही, हे या मुत्सद्द्यांना पक्के माहीत होते.

चाकरीची पदवी हे किती धारदार हत्यार होते याचा अनुभव मराठ्यांना लवकरच आला. दक्षिणेची चौथ व सरदेशमुखी यांच्या सनदा बादशहाने १७१९ मध्ये शाहू छत्रपतींना दिल्या होत्या. १७२७ च्या सुमारास निजामाने वसुली अडवली. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांपैकी खरा छत्रपती कोण, याचा निवाडा बादशहाचा सुभेदार या नात्याने आपण करू, मग चौथ देऊ, असे त्याचे म्हणणे. म्हणजे ज्याने स्वतः राजपदवी घेतली नव्हती, तो दुसऱ्याच्या राजपदवीचा न्यायाधीश होऊ पाहत होता! याचे उत्तर बाजीरावाने फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला दिले, आणि मुंगी-शेवगावच्या तहात शाहूंचा हक्क निजामाला मान्य करावा लागला.

दिल्लीची बादशाही लाल किल्ल्यापुरती उरली तरी हैदराबादची नाणी बादशहाच्याच नावाने पाडली जात. अयोध्येच्या नवाबाने १८१९ मध्ये इंग्रजांच्या प्रोत्साहनाने ‘बादशहा’ ही पदवी घेतली. हैदराबादने त्याचे अनुकरण केले नाही. १८५७ च्या उठावानंतर बहादुरशहा पदच्युत झाला, तेव्हाच हैदराबादच्या नाण्यावर ‘निजाम-उल्-मुल्क आसफजाह’ हे शब्द आले. धनी नाहीसा झाला आणि चाकराची पदवी तेवढी नाण्यावर उरली.

मराठी भाषेनेही या नात्याची साक्ष आपल्या पद्धतीने दिली आहे. मराठ्यांच्या कागदपत्रांत निजामाला ‘मोगल’ म्हटलेले आढळते, आणि त्याचा प्रदेश म्हणजे ‘मोगलाई’. हाच शब्द पुढे अंदाधुंदीचा वाचक झाला. “ही काय मोगलाई लागून गेली आहे?” असे आजही कोणी रागाने म्हणतो, तेव्हा त्याला न्याय-अन्यायाची चाड नसलेला कारभार अभिप्रेत असतो. दरबारी पदवी व्यवस्था सांगत होती, आणि सीमेपलीकडच्या रयतेच्या जिभेवर त्याच राज्याचे नाव अव्यवस्थेसाठी रूढ झाले होते. दोन्ही शब्दांत पक्षपात असेल. पण राज्यकर्ते स्वतःला देतात ती पदवी आणि लोक त्यांना देतात ती पदवी यांत किती अंतर पडू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मोगल बादशहा गेल्यावर पदव्यांची टांकसाळ इंग्रजांच्या हाती आली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर करण्यात आले. तिच्यासाठी निवडलेला देशी किताब होता ‘कैसर-ए-हिंद’. रोमचा सीझर ग्रीक, अरबी, फारसी अशी वळणे घेत दिल्लीस येऊन पोहोचला होता! त्या दरबारास सहावा निजाम मीर महबूब अली खान हजर होता. त्या वेळी तो अवघा दहा वर्षांचा होता.

संस्थानिकांना इंग्रज ‘हायनेस’ म्हणत. ‘हायनेस’ म्हणजे उंची, थोरवी. पोर्तुगीज ‘आल्तेझा’ व जर्मन ‘होहाइट’ यांचा अर्थही तोच. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळापर्यंत राजालाही असेच संबोधीत. पुढे राजासाठी ‘मॅजेस्टी’ हा शब्द स्थिरावला आणि ‘हायनेस’ राजपुत्रांच्या वाट्याला आला. म्हणूनच हिंदुस्थानात ‘मॅजेस्टी’ एकच, लंडनला. बाकीचे सारे ‘हायनेस’. एकवीस तोफांचे मानकरी हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, ग्वाल्हेर व काश्मीर असे पाच. पहिल्या महायुद्धात सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने इंग्रजांस सढळ हाताने मदत केली, तेव्हा १९१८ मध्ये त्याच्यासाठी ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा खास किताब निर्माण झाला. उंचीलाही आणखी उंच केले, पण ‘मॅजेस्टी’चा उंबरठा ओलांडू दिला नाही. त्याच वर्षी ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हे बिरुदही मिळाले.

‘दोस्त’ या शब्दावर निजामाने भिस्त ठेवली. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला होता आणि १९०२ साली वार्षिक पंचवीस लाख रुपयांवर तो त्यांना कायमच्या पट्ट्याने द्यावा लागला होता. तो परत मिळावा म्हणून निजामाने मागणी केली, आणि अंतर्गत कारभारात आपण ब्रिटिश सरकारच्या बरोबरीचे आहोत, अशी भूमिका घेतली. २७ मार्च १९२६ च्या पत्राने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ती साफ फेटाळली. ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, आणि ‘विश्वासू दोस्त’ या बिरुदाने हैदराबाद इतर संस्थानांहून वेगळ्या वर्गात जात नाही, असा त्या पत्राचा आशय होता. १९३६ च्या करारात निजामाला ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ आणि त्याच्या वारसाला ‘वऱ्हाडचा युवराज’ म्हणण्याची मुभा मिळाली. कारभार मात्र इंग्रजांकडेच राहिला. साखरखेर्ड्याच्या रणात पहिल्या आसफजाहने पदवी मागाहून घेतली होती, सत्ता आधी. त्याच वऱ्हाडात सातव्याच्या हाती सत्तेवाचूनची पदवी आली.

संस्थानात याच काळात निजामपदाला आणखी एक अर्थ चिकटवला जात होता. संस्थानातील मुसलमान हेच राज्याचे धनी असून निजाम हा त्यांच्या सार्वभौमत्वाचे प्रतीक आहे, असा सिद्धान्त इत्तेहादुल मुसलमीनचे नेते बहादूर यार जंग यांनी मांडला. ‘निजाम’ या शब्दात धनी कोण हे सांगितलेले नव्हते. ती जागा कधी दिल्लीच्या बादशहाने भरली होती, कधी लंडनच्या सिंहासनाने. आता एका जमातीचे नाव तेथे लिहिण्याचा यत्न झाला. संस्थानची बहुसंख्य प्रजा, मग ती तेलुगू बोलणारी असो, मराठी असो वा कानडी, त्या जागेवर आपले नाव मागत होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्याचा गाभा हाच होता. रझाकारांच्या अत्याचारांचे दिवस मराठवाड्याने सोसले. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

पुढचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामाने भारतीय राज्यघटना मान्य केली. २६ जानेवारी १९५० रोजी तो हैदराबाद राज्याचा ‘राजप्रमुख’ झाला. हे पद घटनेने दिलेले, आणि त्यावर बसणाऱ्याने घटनेशी बांधील राहावयाचे. नीट पाहिले तर दोनशे पंचवीस वर्षांपूर्वीच्याच अर्थाची ही पदवी होती: दुसऱ्या धन्याच्या वतीने मुलखाची व्यवस्था पाहणारा. फरक एवढाच की आता धनी बादशहा नव्हता, प्रजा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्यच विसर्जित झाले, राजप्रमुखपदही गेले, आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. उस्मान अली खान १९६७ मध्ये वारले. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे बंद झाले.

पदवी गेली, तरी शब्द गेला नाही. निजामाबाद शहर, १९३१ साली पुरा झालेला निजामसागर, हैदराबादचे निजाम कॉलेज यांतून तो नित्य उच्चारला जातो. उस्मानाबादचे धाराशिव झाले असले तरी मराठवाड्याच्या वर्तमानपत्रांत ‘निजामकालीन’ हा शब्द वारंवार येतो. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा महसुलाच्या जीर्ण दप्तरांतून पणजोबांची नावे शोधण्यासाठी गावोगावची माणसे कचेऱ्यांपुढे उभी राहिली. किताब, तोफा व फर्माने यांची त्यांना पर्वा नव्हती. त्या राज्यातील कोणा कारकुनाने ओळीने लिहून ठेविलेली एक नोंद त्यांना हवी होती.

मुलखाची घडी बसविणे, एकेक नाव क्रमाने ओवणे, हाच तर ‘निजाम’ या शब्दाचा मूळ अर्थ. बादशहांनी दिलेले आणि इंग्रजांनी वाढविलेले त्या पदवीचे वैभव लयाला गेले. तिच्यातील कामाचा भाग तेवढा रयतेच्या उपयोगी पडत आहे. राज्यकर्त्याच्या पदवीचा खरा अर्थ शेवटी त्याने केलेल्या व्यवस्थेवरून ठरतो, आणि तो ठरविण्याचा अधिकार रयतेचा असतो.